फसलेल्या किल्ल्यांचा डबा

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक टपरी होती. अडीच हात रुंद, वर पत्रा, पुढे एक फळी आणि फळीला बोल्टने घट्ट बसवलेला लोखंडी शिकंजा. 'होती' लिहिताना हात अडखळतो. ती का गेली हे गल्लीत माझ्याइतकं नीट कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. वाचून कुणी शहाणं होईल अशा भ्रमात मी नाही. मी स्वतःच झाले नाही.

टपरीत किल्लीवाला बसायचा, एकोणीस वर्षं. त्याला नाव होतं, चांगलं तीन भागांचं, पण गल्लीत कुणी ते कधी घेतलं नाही. "आमच्या जिभेला वळत नाही बुवा," असं मास्तर म्हणायचे, आणि हेच मास्तर आपल्या औषधांची हातभर लांब नावं धडाधड म्हणून दाखवायचे. मीही त्याला 'अहो किल्लीवाले' एवढंच म्हणत आले. आणखी एक गोष्ट. निवृत्त मास्तरांना आम्ही सगळे 'ते' म्हणतो आणि किल्लीवाल्याला 'तो'. दोघांच्या वयात फार तर दहा वर्षांचं अंतर. आता लिहितानाही माझ्या हातून 'तो'च उतरतंय. खोटी सुधारणा करत नाही, राहू दे तसंच.

तो डोंगरापलीकडचा. म्हणजे त्याचा बाप तिकडचा. हा चार वर्षांचा असताना बापाच्या खांद्यावर बसून इकडे आला आणि आता पंचावन्नाचा झाला. आमची भाषा आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायचा. तरी बायका म्हणायच्या, "बोलण्यात जाणवतंच हो थोडं." काय जाणवतं ते विचारलं की भाजीचे भाव काढायच्या. कुणी त्याची स्तुती करायचं म्हटलं तरी एकाच पद्धतीने करायचं, "तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही." त्यावर तो मान खाली घालून कानस चालवत राहायचा. एकदा मात्र समोरच्याला म्हणाला, "तुम्हीपण तुमच्यातले वाटत नाही." त्या माणसाला ती स्तुती वाटली. आम्ही दोघं नंतर पोट धरून हसलो.

गरीब गाय वगैरे तो मुळीच नव्हता. स्वस्त कुलूप घेऊन कुणी आलं की त्याचा पारा चढायचा. "हे कुलूप नाही, हा दागिना आहे. दाराला शोभेसाठी लावा," असं तोंडावर सांगायचा. गिऱ्हाईक दुखावलं तरी चालेल, पण कुलपाबद्दल खोटं बोलणार नाही. माझ्या दुकानाच्या शटरचं कुलूप त्यानेच निवडून आणलं होतं. माझे गुडघे गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ते कुलूप रोज सकाळी तोच उघडायचा. माझी एक किल्ली कायम त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात असे. आठाला येऊन शटर वर करायचा, मशीन चालू करून ठेवायचा, कारण ते म्हातारं मशीन तापायला पाऊण तास घेतं. मी नऊला रखडत पोचायचे तोवर मशीन गरम. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. रोजचीच गोष्ट, कोण मानतं?

त्याच्या फळीखाली बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा असायचा. किल्ली कापताना कधी दाता जास्त खोल जातो, कधी कोरी किल्लीच सदोष निघते. अशी फसलेली किल्ली तो त्या डब्यात टाकायचा. पहिल्या वर्षीच मी विचारलं होतं, "अहो, हे भंगार कशाला साठवता? द्या भिरकावून."

तो दचकलाच. "रस्त्यावर? ताई, नेमकी किल्ली एकच दार उघडते. फसलेली किल्ली कुठल्या दाराला लागेल कुणी सांगावं? आमच्याकडे ती टाकत नाहीत."

"मग लगेच घासून सपाट का नाही करत?"

"बाप म्हणायचा, वर्षभर आपल्या चुका जवळ ठेवायच्या. अधूनमधून काढून बघायच्या, हात कुठे घसरला ते. वर्ष संपलं की घासायच्या."

आणि खरंच तसं करायचा. दरवर्षी टपरीचा परवाना नवा होऊन आला की दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक घ्यायचा नाही. एकेक किल्ली शिकंज्यात धरायची, दाते घासून पार सपाट करायचे आणि मग ते पितळ भंगारवाल्याला द्यायचं. पितळेची पिवळी पूड माझ्या दारापर्यंत उडायची, मी ओरडायचे, तो हसून झाडू मारून द्यायचा. ही त्यांची जुनी पद्धत, बापाकडून आलेली. तिच्यात वावगं काय आहे हे मला एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं. ते पुढे पोलिसांनी समजावलं.

त्याचा परवाना हे एक प्रकरणच होतं. गल्लीच्या तोंडाशी चपला शिवणारा आहे, पलीकडे लॉन्ड्रीवाला आहे. ते दोन कागद देतात आणि परवाना घेऊन येतात. किल्लीवाल्याला आधी चार लागायचे, मग सहा झाले, मग नऊ. त्याचा जन्माचा कागद, बापाचा इकडे आल्याचा कागद, बापाच्या मृत्यूचा, शाळेचा, राहत्या खोलीचा, खोलीच्या मालकाचा. सगळे माझ्याच मशीनवर निघायचे, दरवर्षी तीन प्रती. त्याचा जन्म कधीचा, बाप कशाने गेला, लग्न कुठे झालं, हे सगळं मला काचेवर पालथ्या पडलेल्या कागदांवरून कळलं. त्याचं खरं नावही तिथेच वाचलं. एकदा मोठ्याने म्हणून बघितलं, दुकानात कुणी नव्हतं तेव्हा. जीभ छान वळली.

यंदा अकरावा कागद निघाला. गल्लीतल्या पाच घरमालकांनी लिहून द्यायचं की या इसमाला आम्ही ओळखतो आणि याच्या इथे बसण्याला आमची हरकत नाही. पाच सह्या आल्याशिवाय परवाना नाही, आणि परवाना नसेल तर टपरी उचलून नेणार. तो कोरा नमुना घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा मीच चिडले, "हा काय चावटपणा? एकोणीस वर्षांनी ओळखतो म्हणून लिहून द्यायचं?" आणि पहिली सही ठोकली. फार मोठी कामगिरी केल्यासारखी.

दुसरी सही लॉन्ड्रीवाल्याने दिली, त्याचं स्वतःचं घर गल्लीतच आहे. तिसरी समोरच्या माडीवरच्या आजींनी. त्या एकदा न्हाणीघरात अडकल्या होत्या आणि याने सहा मिनिटांत दार उघडून त्यांना बाहेर काढलं होतं. मग मात्र गाडं अडलं. ज्यांच्या दारांची कुलपं याच्या हातून गेली होती, ज्यांच्या लेकीबाळींच्या पेट्या याने उघडून दिल्या होत्या, ती घरं एकाएकी फार विचारी झाली. कुणी म्हणालं घरमालक बाहेरगावी आहेत. घरमालक आत खोकत होता. कुणी म्हणालं, "तसं काही नाही हो, पण सही म्हणजे सही. उद्या काही झालं तर?" काही झालं तर, हे त्या दिवसांत मी इतक्यांदा ऐकलं की आता काहीतरी व्हायलाच हवं असं सगळ्यांनी ठरवलंय असं वाटायला लागलं.

मास्तर शेवटी हो म्हणाले. "मी मुलीकडे आठ दिवस जाऊन येतो, आल्या आल्या सही करतो. माझी झाली की पाचवी आपोआप येईल." मास्तरांच्या शब्दाला गल्लीत वजन. किल्लीवाला इतका खूश झाला की ते निघण्याआधी त्यांच्या दाराच्या लॅचला तेल सोडून आला. हे त्याने करायला नको होतं. पण त्याच्या डोक्यात तसलं कधी यायचंच नाही.

आठ दिवसांनी मास्तर आणि मास्तरीणबाई परत आले आणि तासाभरात गल्लीत बोंब उठली. मास्तरीणबाईंच्या बांगड्या गेल्या. कपाटातल्या खणात होत्या, आता नाहीत. दार फोडलेलं नाही, लॅच जिथल्या तिथे. दार न मोडता आत कोण जाऊ शकतं, असं कुणी मोठ्याने विचारलंसुद्धा नाही. माणसं नुसती खिडकीतून टपरीकडे बघायला लागली. तो बापडा कुणाच्या तरी सायकलचं कुलूप तेलात बुडवून बसला होता.

पोलीस दुपारी आले. टपरी ती केवढी, झडती घ्यायला किती वेळ लागणार? डबा निघाला. यंदा परवाना लांबल्यामुळे किल्ल्या घासायच्या राहिल्या होत्या, डबा काठोकाठ भरलेला. पोलिसाने तो फळीवर पालथा केला. शेदीडशे किल्ल्या खळखळ करत पसरल्या, काही खाली रस्त्यावर पडल्या.

गर्दीतून असा काही आवाज निघाला की मी तो विसरणार नाही. आणि मग माणसं पुढे सरकली, वाकून बघायला लागली. "ही आमच्या दाराची दिसते." "ही आमची, हाच आकार." सगळ्या किल्ल्या एकाच कंपनीच्या कोऱ्या तुकड्यांतून कापलेल्या, त्या एकसारख्या दिसणार नाहीत तर काय? पण प्रत्येकाला आपापली सापडत होती.

"साहेब, या फसलेल्या आहेत," किल्लीवाला म्हणाला. "यांनी काही उघडत नाही. कुठलंही कुलूप आणा, लावून बघा. एक लागली तर मला न्या."

"दीडशे किल्ल्या दीडशे घरांना लावत बसू? उद्योग नाहीत का आम्हाला?" फौजदार म्हणाला.

"मग टाकून का नाही दिल्या?" हे मास्तरांनी विचारलं. आवाज अगदी शांत, वर्गात विचारायचे तसा.

"टाकायच्या नसतात," किल्लीवाला म्हणाला. एवढंच. यापुढचं सगळं त्याच्यासाठी इतकं उघड होतं की ते सांगायचं असतं हेच त्याला सुचलं नाही. त्याला गाडीत बसवून नेलं. डबाही नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानावर आले तर शटर बंद. माझ्या पर्समधल्या किल्लीने कुलूप काढलं, शटर वर करताना गुडघ्यातून कळ निघाली. मशीन थंडगार. पाऊण तास मी स्टुलावर नुसती बसून होते. तेवढ्यात त्याची बायको आली. ती दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासते, अंगावर कामाचाच झगा, तशीच आली होती.

"ताई, तुम्ही तेवढं सांगा ना त्यांना," ती म्हणाली. "डब्याचं तुम्हाला माहीत आहे. आमचं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील. मलाही तसंच वाटलं. मी इथली, माझी आजी इथली, माझं नाव सगळ्यांच्या जिभेला वळतं. मी चांगली साडी नेसून, चष्मा पुसून पोलीस ठाण्यावर गेले. फौजदाराने खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं. पहिल्या वर्षापासून, बापाचं म्हणणं, दुपारभर घासणं, भंगारवाला, पितळेची पूड, सगळं.

"म्हणजे या किल्ल्या तो साठवतो हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो. अहो, त्यांच्यात तशी पद्धतच आहे. फसलेली किल्ली रस्त्यावर टाकायची नाही. वर्षभर ठेवायची आणि मग घासून टाकायची."

"त्यांच्यात," फौजदार म्हणाला आणि लिहिणाऱ्याकडे बघितलं. लिहिणारा लिहायला लागला.

"आणि तुमच्या दुकानाची किल्ली?"

"ती वेगळी. ती त्याच्या खिशात असते. मीच दिली आहे."

"तुमचीसुद्धा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे इतक्या कळवळ्याने बघितलं की मला स्वतःचीच शंका आली.

किल्लीवाला इतका निष्णात आहे की आत शिरायचं असतं तर त्याला किल्ली लागलीच नसती, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आजींचं न्हाणीघर त्याने नुसत्या तारेने उघडलं होतं. पण हे बोलले तर तो आणखी गोत्यात येईल हे कळलं आणि मी तोंड मिटलं. त्याच्याविषयी जे जे खरं होतं ते ते त्या खोलीत त्याच्याच विरुद्ध जात होतं. तो प्रामाणिक म्हणून किल्ल्या जपायचा, तर किल्ल्या सापडल्या. तो कसबी, तर तोच उघडू शकतो. त्याने मास्तरांच्या लॅचला तेल घातलं, तर टेहळणीच केली. मी काय सांगणार होते?

जबाब वाचायला दिला. मी दिवसभर लोकांचे कागद हाताळते, कुठे शिक्का नाही, कुठे तारीख चुकली, लांबून सांगते. मी नीट वाचलं. लिहिलं होतं: 'सदर इसमाच्या लोकांमध्ये घरांच्या किल्ल्या वर्षभर जपून ठेवण्याची पद्धत असल्याचे मला पूर्वीपासून माहीत आहे. माझ्या दुकानाची किल्लीही त्याच्याकडे असते.'

"साहेब, 'फसलेल्या' राहिलं. आणि घासण्याचं पण राहिलं."

"ते पुढे येईलच हो सविस्तर. ही नुसती पहिली नोंद आहे. तुम्ही जे बोललात तेच आहे ना? खोटं काही आहे यात?"

खोटं काहीच नव्हतं. लिहिणारा पेन पुढे करून उभा होता, बाहेर माणसं खोळंबली होती. मी सही केली. घरी येताना स्वतःला सांगत होते की निदान कुणीतरी त्याच्या बाजूने बोललं.

तिसऱ्या दिवशी त्याला सोडलं. बांगड्या सापडल्या नाहीत, काही सिद्ध होईना, ठेवून काय करणार? आला तो एका बाजूला कलून चालत होता. विचारलं तर म्हणाला, "फरशीवर झोपून कंबर धरली." मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नव्हतं, अजून ठरत नाही. कंबरेमुळे तो टपरीत नऊच्या आसपास यायला लागला आणि शटर मीच उघडायला लागले; किल्ली मात्र त्याच्याच खिशात राहिली.

लॉन्ड्रीवाला येऊन आपल्या सहीवर काट मारून गेला, वर मला म्हणाला, "तुमचीपण काढून घ्या, उगाच लफडं." आजींचा मुलगा म्हणाला आईला वयोमानाने समजत नाही. आणि चार दिवसांनी मास्तर आणि गल्लीतली दोघं-तिघं माझ्या दुकानात आली. हातात पालिकेला द्यायचा अर्ज. वस्तीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सदर टपरीस आमची तीव्र हरकत आहे, खाली चाळीस सह्या. सोबत एक पुरावा जोडलेला. तो माझा जबाब. कुठून मिळवला देव जाणे.

"तीन प्रती," मास्तर म्हणाले.

पलीकडे, हाताच्या अंतरावर, किल्लीवाला बसला होता. मधे फक्त पत्रा. मशीन गरम होतं. मी कागद काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. एक, दोन, तीन. कागद उलटताना सह्यांवर नजर गेली, तर सोळाव्या ओळीत माझ्या मुलाची सही. आमच्या घराचा नंबर घालून.

रात्री जेवताना मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, सगळ्यांनी केली. आपण एकटेच नाही केली तर आपल्याकडे बोट दाखवतील. तुझा तो जबाब वाचून तर लोक म्हणतात, बाईंनीच सांगितलं सगळं." सून म्हणाली, "भाजी घ्या ना अजून." मी घेतली.

पुढच्या आठवड्यात मास्तरीणबाई दुकानात आल्या. एकट्याच. दवाखान्याचा कागद हातात धरून नुसत्याच उभ्या. मग हळूच म्हणाल्या, "बांगड्या मिळाल्या हो. शिलाई मशीनच्या खणात होत्या. जाताना मीच कपाटातून काढून तिथे ठेवल्या, आणि पार विसरले."

मला आधी इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. "मग सुटलाच की तो! मास्तरांना सांगा अर्ज मागे घ्यायला. आज, आत्ता."

"मी सांगितलं," त्या म्हणाल्या आणि पदराशी चाळा करत राहिल्या. "हे म्हणतात, चाळीस माणसांना आता काय तोंड दाखवायचं? आणि म्हणतात, बांगड्या मिळाल्या ते ठीक, पण डबा खोटा आहे का? किल्ल्या होत्याच ना त्याच्याकडे?"

मी स्वतः पालिकेत गेले. जिना चढताना तीनदा बसले. खिडकीतला कारकून सभ्य होता, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, परवाना चोरीसाठी नाकारलेला नाही. चोरीशी आमचा संबंध नाही. पाच संमती पाहिजेत, त्याला आहे एक. आणि हरकती आहेत चाळीस." मग फाइल चाळून म्हणाला, "आणि संमती तुमचीच दिसते. आणि त्याच्याविरुद्धचा जबाबही तुमचाच." त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं की या बाईला नक्की काय पाहिजे.

बांगड्यांचं किल्लीवाल्याला मी सांगितलं. म्हटलं निदान त्याला तरी कळू दे. तो म्हणाला, "बरं झालं. त्यांच्या आईच्या होत्या त्या. मला एकदा दाखवल्या होत्या, पेटीची किल्ली करून दिली तेव्हा." मग एकदम फळीवर मूठ आपटून म्हणाला, "एकोणीस वर्षं ताई! कुलपं मोजली असती तर..." डबा परत मिळाला का विचारलं, तर नाही म्हणाला. मुद्देमाल म्हणून ठेवलाय. या सगळ्यात त्याला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. "दीडशे फसलेल्या किल्ल्या, ताई, न घासलेल्या. कुठे पडतील, कुणाच्या हाती लागतील. बाप असता तर मला घरात घेतलं नसतं."

टपरी शुक्रवारपर्यंत रिकामी करायची होती. त्याच्या आधीच्या रविवारी, मी बहिणीकडे गेले होते तेव्हा, मुलाने दुकानाचं कुलूप बदललं. मला संध्याकाळी नवी किल्ली हातात दिली. "चिडू नकोस. त्याच्यावर संशय नाही माझा. पण त्याच्याकडे किल्ली आहे हे त्या जबाबात लिहिलंय, सगळ्या गल्लीला माहीत आहे. उद्या काही झालं तर?" मी चिडले. खूप बोलले. पण किल्ली पर्समध्ये टाकली. सोमवारपासून त्याच किल्लीने दुकान उघडत होते. नऊला आले तर तो टपरीत असायचा, म्हणून साडेआठला येऊन, पाठ वळवून उघडायचे. एवढं मात्र मला जमत होतं.

शुक्रवारी तो एकटाच सामान भरत होता. कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, कानशी, तेलाची बुधली. शेवटी शिकंजा तेवढा फळीला राहिला. बोल्ट सोडवण्याआधी तो माझ्या दारात आला आणि शर्टाच्या वरच्या खिशातून माझी किल्ली काढली.

"ताई, ही तुमची."

मी हात पुढे केला, पण त्याने दिली नाही. त्याची नजर माझ्या खांद्यावरून शटरच्या कडीकडे गेली होती. तिथे नवं कुलूप लटकत होतं, चकचकीत. जन्मभर कुलपं बघितलेला माणूस. त्याला पाव क्षण लागला.

माझ्या तोंडून काहीतरी निघालं. मुलाने, मी नव्हते तेव्हा, असं काहीतरी. त्याने ऐकलं की नाही माहीत नाही.

"कुलूप बरं आहे," तो म्हणाला. "दागिना नाही. महिन्यातून एक थेंब तेल सोडत जा, नाहीतर अडकेल."

मग तो परत टपरीकडे गेला. माझी जुनी किल्ली शिकंज्यात धरली, कानस घेतली आणि घासायला लागला. आता या किल्लीने कुठलंही दार उघडत नव्हतं, तरी घासत होता. एकेक दाता, सावकाश, काही राहू नये म्हणून मधे मधे फुंकर मारून बघत. मी दारात उभी होते. गल्लीतून माणसं जात होती, कुणी थांबलं नाही. सपाट झाल्यावर त्याने ती शर्टाच्या कडेला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आता तुम्हाला कुणी काही विचारणार नाही," तो म्हणाला.

मी त्याला त्याच्या नावाने हाक मारणार होते. मला ते येत होतं. पण तो वाकून शिकंज्याचा बोल्ट सोडवायला लागला होता, आणि माझ्या हातातली किल्ली घासून घासून इतकी तापली होती की मला ती या हातातून त्या हातात करावी लागत होती.